उटण्याच्या डब्यातून जाई-गुलाबाकडे : प्रकल्प नोंदी

९ फेब्रुवारी २०२५, रामबाग, इंदूर

दर दिवाळीला उटणे करून विकण्याचा आमचा छोटा गृहउद्योग गेली चौदा वर्षे चालू आहे, त्यामुळे घराची मागची खोली बारा महिने नागरमोथा, कपूरकचरी, वाळा आणि चंदन यांच्या वासाने भरलेली असते. उटण्याचा हंगाम सुरू व्हायला अजून सहा-सात महिने आहेत. तेवढ्या काळात याच खोलीत एक वेगळे काम करायचे ठरवले आहे: एका अभिजात पुष्पगंधी परफ्यूमची मांडणी घ्यायची आणि तिचा आधार मात्र आपल्या डब्यांतील व माळव्याच्या आसपास मिळणाऱ्या उबदार द्रव्यांनी उभा करायचा.

नमुना म्हणून ‘जॉय’ निवडला आहे. कारण सरळ आहे. सासूबाईंच्या कपाटात त्याची एक जुनी बाटली आहे आणि तिच्या तळाशी अंदाजे तीन मिलिलिटर तपकिरी द्रव अजून शिल्लक आहे. पॅरिसच्या झाँ पातू या वस्त्रगृहासाठी आंरी अल्मेरास यांनी हा परफ्यूम तयार केला आणि १९२९च्या आर्थिक कोसळणीनंतर, म्हणजे पैसा जपून वापरावा अशा काळात, १९३० साली तो ‘जगातील सर्वांत महाग परफ्यूम’ म्हणून बाजारात आला. तीस मिलिलिटरच्या बाटलीमागे जाईची १०,६०० फुले आणि २८ डझन गुलाब लागतात, असे त्याच्या जाहिरातींत सांगितले जाई. २०१८ साली दियोरने याच नावाचा एक निराळा परफ्यूम आणला. त्याच्याशी या कामाचा संबंध नाही.

बाटलीतील द्रवाचा वरचा ताजेपणा केव्हाच उडून गेला आहे. फाया लावला की जाई-गुलाब पुसट जाणवतात, आणि त्यांच्या खाली एक ऊब येते, जी चंदनाची नाही आणि फुलांचीही नाही. मला त्या उबेचा शोध घ्यायचा आहे. नक्कल करण्याची इच्छा नाही आणि आवाकाही नाही.

नियम दोनच ठेवले आहेत. सर्व द्रव्ये नैसर्गिक असावीत आणि प्राणिज काहीही नसावे.

१६ फेब्रुवारी

चाचणी १ तयार केली. तिच्यात उटण्यातले काहीही मुद्दाम घातले नाही, कारण साधी मांडणी हाताशी असल्याशिवाय पुढचा फरक कळणार नाही. एकूण १० ग्रॅम गाभा, म्हणजे इथेनॉल न मिसळलेले मूळ सुगंधी मिश्रण, वजने पुढीलप्रमाणे: जाई ॲब्सोल्यूट २.२, रूह गुलाब (नुसत्या गुलाबाचे तेल) १.८, यलांग-यलांग (एका उष्ण प्रदेशातील फुलाचे तेल) १.२, गुलछडी ॲब्सोल्यूट ०.३, चंदन तेल ३.५ आणि नागपुरी संत्र्याच्या सालीचे तेल १.०. फ्रेंच पद्धतीने वर बर्गमॉट या लिंबूवर्गीय फळाचे तेल घालता आले असते, पण त्यातील बर्गाप्टीनमुळे उन्हात त्वचेवर डाग पडू शकतात आणि आपल्याकडे ऊन तर आठ महिने असते, म्हणून संत्रे.

जाईबद्दल एक खुलासा करून ठेवते. इंदुरात हिला सगळे चमेली म्हणतात. फ्रान्समधील ग्रासच्या मळ्यांत जी जाई लावतात तीच ही जात, आणि मोगरा हा तिचा जवळचा नातलग असला तरी त्याचा गंध वेगळा, अधिक हिरवट आणि थोडा चहासारखा असतो. आमचे ॲब्सोल्यूट तमिळनाडूतून आलेले आहे. तिथे फुले हेक्झेनमध्ये बुडवून मेणासारखे काँक्रीट काढतात आणि ते अल्कोहोलने धुऊन ॲब्सोल्यूट मिळवतात. फुले उकळत्या पाण्याची वाफ सोसत नाहीत म्हणून हा खटाटोप.

रूह गुलाबाची बाटली सकाळी काढली तेव्हा आत सुयांसारखे स्फटिक झाले होते. थंडीत असे होतेच. बाटली पाच मिनिटे मुठीत धरली, स्फटिक विरघळल्यावरच वजन केले. तसे केले नसते तर वरचा पातळ भाग तेवढा मिश्रणात गेला असता आणि प्रमाण फसले असते. गाभा १५ टक्के आणि इथेनॉल ८५ टक्के असे मिश्रण करून बाटली अंधारात ठेवली आहे.

२३ फेब्रुवारी

चाचणी १ बिनचूक आहे आणि कंटाळवाणी आहे. कागदी पट्टीवर पहिला अर्धा तास सुंदर जातो. जाई पुढे, गुलाब मागे, संत्र्याचा हलका उजेड. मनगटावर तीन तासांनंतर मात्र चंदन एकटे उरते. धाकट्या जाऊबाईंनी वास घेऊन सांगितले, “ताई, मंगल कार्यालयात शिरल्यासारखं वाटतं. पाहुणे अजून आलेले नाहीत.” यापेक्षा नेमके वर्णन मला सुचले नसते.

जुन्या बाटलीशी पट्टीला पट्टी लावून पाहिल्यावर उणीव समजली. जुन्या पुष्पगंधी परफ्यूमांत फुलांच्या पाठीशी बहुधा सिव्हेट असे, म्हणजे उदमांजराच्या ग्रंथींचा स्राव. मूळ स्थितीत त्याची असह्य घाण येते. हजारपट पातळ केला की माणसाच्या अंगाची ऊब जाणवते. इथिओपियात त्यासाठी ही जनावरे पिंजऱ्यात कोंडून ठेवली जात, आणि त्यामुळे ते द्रव्य माझ्या नियमाबाहेर आहे. पण त्याचे काम कोणाला तरी करावे लागेल. जाईत स्वतःचा इंडोल हा रेणू असतो, तोही डांबराच्या गोळ्या आणि गोठा यांच्या सीमेवरचा वास देतो. तरी एकट्या इंडोलवर ही बाजू तोलली जात नाही, असे दिसते.

२ मार्च

उटण्याच्या कोठीतील पाच द्रव्ये निवडून प्रत्येकाचा दहा टक्के द्राव केला आणि आठवडाभर रोज एक, याप्रमाणे त्वचेवर तपासला. ही नोंद सविस्तर लिहिते, कारण पुढचे सारे याच्यावर अवलंबून आहे.

नागरमोथा. मध्य प्रदेशातील ओलसर जमिनींत हे गवत वाढते आणि त्याच्या गाठींचे तेल निघते. मराठी माणसाला हा वास नरकचतुर्दशीच्या पहाटेचा म्हणून माहीत असतो, पण तेल उटण्याहून बरेच गडद निघते: पावसाने भिजलेली माती, चामडे, विझलेली शेगडी. जाईशी जमते. गुलाबाशी भांडते. दोन टक्क्यांच्या पुढे गेले की बंद कपाट उघडल्याचा भास होतो.

कपूरकचरी. हिमालयातील एका सोनटक्क्याचे हे कंद. सुरुवातीला कापूर आणि सुंठ, पण अर्ध्या तासाने एक कोरडा, पावडरीसारखा गोडवा उरतो, जो परदेशी परफ्यूमांत आयरिसच्या महागड्या मुळांपासून मिळवतात. उटण्यात आपण हिला मूठभर टाकतो आणि विसरून जातो. इतकी वर्षे मी हिच्यावर अन्यायच केला.

वाळा. थंडावा देणारा आहे, म्हणून या कामातून बाद. माठातच शोभतो.

जटामांसी. ऊब भरपूर आहे, पण घामट आणि औषधी. शिवाय ही वनस्पती हिमालयात अतिसंकटग्रस्त ठरली आहे आणि तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत. उटण्यातूनही ती यंदापासून काढावी, असे माझे मत झाले आहे. जाऊबाईंशी अजून बोललेले नाही.

मुष्कदाणा, म्हणजे कस्तुरी भेंडीचे बी. वनस्पतींमध्ये कस्तुरीच्या सर्वांत जवळचा हा वास, कारण यात ॲम्ब्रेटोलाइड हा कस्तुरीगंधी रेणू असतो. नासपती, जुनी वाइन आणि नुकतीच धुतलेली त्वचा. बी कुटून भिजवण्याची चूक मी पूर्वी केली होती. सुगंध टरफलात असतो आणि कुटले की आतील स्निग्धांश उगाच उतरतो, म्हणून यावेळी बी अख्खेच ठेवले आणि फरक स्पष्ट दिसला. दोष एवढाच की ही ऊब फार सभ्य आहे.

१२ मार्च

भाजलेल्या मेथीचा द्राव चाचणी ४ मध्ये घातला. मेथीतील सोटोलोन अगदी थोडे असले की काकवीसारखे आणि वाढले की सरळ आमटीसारखे लागते, हे ठाऊक असूनही मोह आवरला नाही. गाभ्यात अर्धा टक्का पडला आणि तेवढ्याने जाई-गुलाबाची फोडणी झाली. बाटली रिकामी केली, तरी मोजपात्राचा वास दोन दिवस गेला नाही. मेथी कायमची बंद.

१९ मार्च

आज रंगपंचमी. राजवाड्यावरून गेर, म्हणजे रंगपंचमीची मिरवणूक, निघाली, गुलालाचे लोट रामबागेपर्यंत आले नसले तरी घरातील मुले ते केसांत भरून घेऊन आली. नाक दोन दिवस निकामी राहील. काम बंद.

२७ मार्च

दोन दिवस झाबुआ जिल्ह्यातील एका फळियावर, म्हणजे आदिवासी पाड्यावर, राहून आले. यजमानांचे एक जुने सहकारी त्या भागात स्थायिक आहेत, त्यांच्या ओळखीने सोय झाली. कारण होते मोह.

मोहाची फुले रात्री उशिरापासून गळू लागतात आणि उजाडेपर्यंत झाडाखाली सडा पडतो. आम्ही पाच वाजता पोचलो तेव्हा बायका टोपल्या घेऊन आधीच आलेल्या होत्या. झाडाखालचा पाचोळा आधीच जाळून जमीन मोकळी केलेली असते, त्यामुळे पांढुरकी, मांसल, द्राक्षाएवढी फुले काळ्या राखेवर लांबूनही दिसतात. त्या पहाटेच्या वासात राखेचा वाटा किती आणि फुलांचा किती, हे ठरवणे मला जमले नाही. एक फूल धुऊन, पुसून हातात घेतले तेव्हा मात्र खात्री पटली. भिजवलेला जुना तांदूळ, गूळ, आणि त्यांच्या खाली एक केसाळ, जनावराचा वास. हे फूल आहे यावर डोळे मिटून कोणी विश्वास ठेवणार नाही. जुन्या बाटलीतील ऊब जिथे सुरू होते त्याच्या अगदी शेजारी मी उभी होते.

एका आजींनी मला दोन-तीनदा विचारले की एवढ्याशा फुलांची दारू कशी होणार. अंगाला लावायचे आहे म्हटल्यावर त्या आणि त्यांच्या सुना बराच वेळ हसत होत्या. तीन किलो फुले त्यांच्याकडून विकत घेतली आणि त्यांनी सांगितलेल्या भावात घासाघीस केली नाही.

तीन प्रयोग लावले आहेत. पहिल्या बरणीत १५० ग्रॅम ताजी फुले तिथेच ३०० मिलिलिटर इथेनॉलमध्ये टाकली. दुसऱ्या बरणीसाठी फुले गच्चीवर कडक उन्हात पाच दिवस वाळवायची आहेत. तिसऱ्यासाठी ती सुती कापडावर एक रात्र पंख्याखाली पसरून, वरचा ओलावा गेला की अर्धवट सुकलेल्या स्थितीतच बुडवायची आहेत. अल्कोहोलचे माप तिन्ही बरण्यांत सारखे.

३० मार्च, गुढीपाडवा

पहिली बरणी वाया गेली. ताज्या फुलात पाणी इतके असते की इथेनॉल पातळ झाले, आणि पातळ इथेनॉलने फुलातील साखर ओढून घेतली. पट्टीवरचा थेंब वाळल्यावर चिकट डाग राहिला. असे काही कोणाच्या पैठणीवर पडले तर माझी धडगत नाही. श्रीखंडाच्या गडबडीत एवढेच लिहिते.

१३ एप्रिल

दुसऱ्या बरणीचा द्राव गडद तपकिरी निघाला आहे. मनुका, काकवी, ओल्या विडीचा तंबाखू. आकर्षक आहे, पण जनावराचा अंश पूर्ण गेला. तिसऱ्या बरणीत मात्र दोन्ही टिकले आहे. मनुकेची सुरुवात झालेली आहे आणि तांदळाचा, फराचा वास अजून खाली आहे. बरणी दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवली, तळाशी साखरेचा आणि मेणाचा साका बसला, थंड असतानाच तो गाळणकागदातून गाळला. आता डाग पडत नाही. हाती २६० मिलिलिटर आले.

हे असे का घडले याचे उत्तर बासमतीत आहे. बासमतीचा विशिष्ट सुगंध २-ॲसिटिल-१-पायरोलिन या रेणूचा असतो, आणि तोच रेणू मोहाच्या फुलातही आढळला आहे. तो अस्थिर आणि लवकर उडून जाणारा आहे. जुन्या तांदळाचा सुगंध जसा साठवणीत कमी होतो तसाच तो कडक उन्हात मोहातूनही गेला असणार. यापुढची गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतील रतनलाल ब्रह्मचारी यांनी वाघाच्या वासखुणांचा अनेक वर्षे अभ्यास केला. वाघ आपली हद्द आखण्यासाठी झाडांवर जो द्रव फवारतो त्याला बासमतीसारखा वास येतो आणि त्यात हाच रेणू असतो, हे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या सुमारास दाखवून दिले. म्हणजे भात, वाघ आणि मोह यांच्यात खरोखर एक दुवा आहे. उदमांजराला पिंजऱ्यात न कोंडता त्याची जागा भरून काढील असे द्रव्य मी शोधत होते, आणि ते एका फुलातच निघाले.

२० एप्रिल

मोहाचा द्राव गाभ्यात मिसळण्याऐवजी इथेनॉलचा काही भाग काढून त्याच्या जागी घालायचा, अशी युक्ती केली. नागरमोथा घातलेला गाभा १५ टक्के कायम ठेवून मोह ५, १० आणि २० टक्के अशा चाचण्या ७, ८, ९ केल्या. पाच टक्क्यांवर काहीच कळत नाही. वीस टक्क्यांवर जाऊबाईंनी मला दारावरच थांबवून “शेजारी काय म्हणतील” असे विचारले. दहा टक्के बरोबर दिशेने आहे. जाई पुष्ट झाली आहे, फुललेली वाटते, पण दोन तासांनी मधेच एक खड्डा पडतो आणि मग चंदन येते.

२७ एप्रिल

सराफ्याजवळ एक वृद्ध अत्तरवाले बसतात, त्यांना सगळे चाचा म्हणतात. चाचणी ८ त्यांना दाखवली. त्यांनी फाया कानात ठेवला, गिऱ्हाइके करीत राहिले आणि माझ्याशी चाळीस मिनिटे एक शब्दही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, “चंदन कम है, बाई. और मोथा अभी चिल्ला रहा है.” त्यांच्या मते अत्तर आणि रूह यांतील फरक मी विसरले होते. रूह म्हणजे नुसत्या फुलाचे तेल. अत्तर म्हणजे भपक्यात (वाफ जिरवण्याच्या भांड्यात) आधी चंदनाचे तेल ठेवून देगेतील (उकळत्या हंड्यातील) फुलांची वाफ त्यात जिरवलेली. कन्नौजच्या पद्धतीत चंदन खाली असते, पण ते पहिल्या क्षणापासून फुलाला धरून असते. मी ते शेवटी येणारे द्रव्य समजून मोजत होते.

निघताना त्यांनी चोया नखची एक छोटी शिशी दिली. समुद्री गोगलगायीच्या शंखाच्या तोंडावरची कठीण झाकणी तापवून काढलेला हा धुरकट अर्क शमामा नावाच्या अत्तरात घालतात. घरी एक थेंब वापरला आणि दवाखान्यातील गॉझ आठवला. मुळात तो प्राणिज आहे, म्हणून माझ्या नियमात बसतच नव्हता. शिशी परत करायची आहे.

११ मे

मोगऱ्याचा प्रयोग फसला. जौनपूर-गाझीपूरकडे फुलेल, म्हणजे फुलांच्या वासाचे तेल, करताना तिळावर फुलांचे थर देतात, तीळ वास पितात आणि मग ते घाण्यात गाळतात. गच्चीवरच्या आमच्या मोगऱ्याला सध्या रोज ओंजळभर फुले येतात, म्हणून मी तसे केले. पाचव्या दिवशी तिळांना बुरशी आली, कारण सकाळची फुले पाणी शिंपडून आणलेली होती. दुसऱ्या खेपेस फुले कोरडी घेतली आणि रोज बदलली; तेल उत्तम निघाले, पण तिळाचे तेल इथेनॉलमध्ये विरघळत नाही, ही प्राथमिक गोष्ट मी महिनाभर सोयीस्करपणे विसरले होते. तेल जाऊबाईंनी केसांसाठी नेले. त्या समाधानी आहेत.

२५ मे

चाचणी ११ घेऊन भर दुपारी गच्चीवर गेले. तापमान ४१ अंश होते. पंधरा मिनिटांत संत्रे संपले, चाळीस मिनिटांत यलांग-यलांग इतके फुगले की केळ्याच्या शिकरणाचा भास झाला. पॅरिसच्या हवेत बारा टक्के यलांग शोभत असेल, माळव्याच्या उन्हात ते निम्मे हवे. चंदन ३५ वरून ३८ वर नेल्यामुळे मधला खड्डा बराच भरून आला आहे, तरी पूर्ण नाही. उरलेली जागा कपूरकचरीने भरता येईल, असा अंदाज आहे.

पांढऱ्या पदरावर चाचणी करू नये, ही सूचना माझ्यासाठीच लिहून ठेवते. जाईचे ॲब्सोल्यूट लालसर तपकिरी असते आणि त्याचा डाग निघत नाही.

२२ जून

पाऊस आला आणि माझे महिनाभराचे निष्कर्ष अर्धे बदलले. दमट हवेत चाचणी १२ मधील नागरमोथा बाहेरच्या मातीच्या वासाला जाऊन मिळतो आणि जाई मागे पडते. उन्हाळ्यात जो तीन टक्के संयत वाटला तो आता चाचांच्या भाषेत पुन्हा ओरडू लागला आहे. दोन टक्क्यांवर आणला. मोह मात्र दमट हवेत अधिक गोलाई घेतो, त्याचा तांदळाचा अंश स्पष्ट होतो. म्हणून तो दहावरून बारावर नेला. एकाच ऋतूत तपासून परफ्यूम पक्का करणाऱ्यांचे मला आता आश्चर्य वाटते.

नाक थकले की कॉफीच्या बिया हुंगण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. मला त्याने काही साधत नाही. स्वतःच्याच कोपराच्या खोबणीत, जिथे काही लावलेले नाही, तिथे दोन श्वास घेतले की नाक पूर्वपदावर येते.

६ जुलै, आषाढी एकादशी

चाचणी १४ कायम करीत आहे. गाभ्याचे शंभर भाग असे: जाई १७, रूह गुलाब १६, यलांग-यलांग ६, गुलछडी ३, चंदन ३८, मुष्कदाणा तेल ५, कपूरकचरी ४, नागरमोथा २, संत्रे ९. परफ्यूमच्या शंभर भागांत हा गाभा १५, मोहाचा द्राव १२ आणि इथेनॉल ७३.

चाचणी १ च्या मानाने जाई पाच भागांनी कमी झाली आहे आणि तरीही ती अधिक जाणवते. कपूरकचरीने अपेक्षेप्रमाणे मधली पोकळी भरली. तिच्या कोरडेपणामुळे गुलाबाला टेकायला जागा मिळाली आणि नागरमोथ्याशी त्याचे भांडणही मिटले. मुष्कदाण्याची सभ्य ऊब आणि मोहाची असभ्य ऊब एकमेकांना सावरतात. एकट्या मुष्कदाण्याने वास धुतलेल्या साडीसारखा झाला होता आणि एकट्या मोहाने गोठ्याच्या दाराशी नेऊन सोडले होते. मनगटावर सात तास टिकले. शेवटच्या दोन तासांत उरते ते चंदन, भाताच्या पेजेची वाफ आणि कोणीतरी नुकतेच खोलीतून उठून गेल्याची चाहूल.

जाऊबाईंनी उपासाचे थालीपीठ लावता लावता मनगट हुंगले आणि एवढेच म्हणाल्या, “आता पाहुणे आले.”

जुन्या बाटलीच्या शेजारी ठेवले तर हे निराळेच आहे, हेही नोंदवले पाहिजे. जुन्या परफ्यूमची ऊब अंगाला चिकटलेली, रेशमी, संध्याकाळची होती. माझी ऊब पहाटेची आहे, तिच्यात न्हाणीघर, उटणे आणि राखेवर पडलेली फुले आहेत. गुलाब मला अजून थोडा पुढे हवा होता. दोन भाग वाढवून पाहिले तेव्हा तो जाईवर चढून बसला, म्हणून तसाच ठेवला.

२० जुलै

पहिली २०० ग्रॅमची भट्टी आज लावली: गाभा ३० ग्रॅम, मोहाचा द्राव २४ ग्रॅम, इथेनॉल १४६ ग्रॅम. गडद काचेच्या चार बाटल्यांत भरून, बुचांना मेण लावून त्या उटण्याच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात ठेवल्या आहेत. सहा आठवडे मुरू द्यायचे, ३१ ऑगस्टला, म्हणजे गणपतीच्या दिवसांत, उघडायचे आणि मग साका आला असल्यास गाळायचे. मोहाचा द्राव सव्वाशे मिलिलिटरच्या आसपास उरला आहे. त्याची बाटली फ्रिजमध्ये मागच्या बाजूला, ‘पिऊ नये’ अशी चिठ्ठी लावून ठेवली आहे. चाचांची शिशी उद्या परत द्यायची आहे, सोबत चाचणी १४ चा एक फाया.

आजच्या शेवटच्या तुलनेसाठी जुन्या बाटलीतील उरलेला थेंब पट्टीवर घेतला. बाटली आता कोरडी आहे. सासूबाईंनी बाटली धुऊ नको असे सांगितले, म्हणून बूच लावून तशीच कपाटात परत ठेवली.